अंबा ओझं कुठं उतरवते

या हो, असे पुढं सरकून बसा. मागं खांबाला टेकलात तर अर्धं कानावर येईल आणि अर्धं वारा नेईल. आज एका नदीची गोष्ट सांगतो, आणि एका माउलीची, जिनं भर कीर्तनात बुवांना प्रश्न विचारला. कीर्तनात टाळी द्यावी, मान डोलवावी, फार तर डोळे पुसावेत. प्रश्न विचारायची रीत नाही. तिनं विचारला, म्हणून तर गोष्ट झाली.

साल सत्त्याहत्तर. मी रोह्याच्या पोस्टात टपाल निवडायला होतो आणि दामोदर मास्तरांच्या कीर्तनात पेटीवर. मास्तर हायस्कुलात भूगोल शिकवायचे. वाडवडिलांची जमीन कूळकायद्यात गेली, उरली ती विद्या आणि गळा, असं ते स्वतःच हसत सांगायचे. गळा असा की पहिला षड्ज लागला की पोरं रडायची थांबायची. बिदागी म्हणून एक नारळ घ्यायचे, तोही परतीच्या एसटीत फोडून वाटून टाकायचे.

त्या वर्षी हनुमान जयंतीला नागोठण्याच्या वरच्या अंगाला, अंबा नदीच्या काठी एका गावात आमचं कीर्तन होतं. जन्माचं कीर्तन पहाटेचं. सूर्य वर येतो तेव्हा पाळणा हलला पाहिजे, असा हिशेब. देवळाला पुढून भिंत नव्हती, त्यामुळं मास्तरांच्या पाठीमागं नदी दिसत होती. चैत्रातली नदी, खडकांतून वाट काढणारी, पण उजेड पडू लागला तशी चमकायला लागली.

विषय होता देवाला सगळं अर्पण करण्याचा. मास्तर रंगात आले होते. म्हणाले, "नदीकडं बघा. डोंगराची माती घेते, झाडाचं पान घेते, कुणाच्या दारातलं निर्माल्य घेते. सगळं पदरात. आणि समुद्राच्या उंबरठ्याशी गेली की पदर सोडते, एकेक वस्तू उतरवून ठेवते. तिथं नवी जमीन होते, तीन कोनांची, पायघडी अंथरावी तशी. नदी बुडवत नाही हो, नदी ठेवते. गंगेनं ठेवलं, गोदावरीनं ठेवलं..."

इथं ते थांबले. मागं वळून पाण्याकडं पाहिलं. मला त्यांचं थांबणं ठाऊक होतं, मी पेटीवर नुसता सूर धरून ठेवला.

"...आणि ही आपली अंबासुद्धा ठेवते."

काय टाळी पडली. बायकांत कुणीतरी मोठ्यानं हुंदका दिला. पुढं पाळणा झाला, सुंठवडा वाटला. मास्तर उपरण्यानं घाम पुसत होते, तेवढ्यात एक बाई समोर येऊन उभी राहिली. पन्नाशीची, काटक. सुंठवडा तळहातावर तसाच होता, तोंडात टाकला नव्हता.

"मास्तर, अंबा ठेवते ती जागा कुठल्या गावात येते?"

मास्तर अजून कीर्तनातच होते. "ती होय? खाली, समुद्राशी. धरमतरच्या पुढं," म्हणाले आणि पाया पडणाऱ्या पुढच्या माणसाकडं वळले.

बाई गेली. सुंठवडा तिनं पदराच्या टोकाला बांधला.

एसटीच्या थांब्यापर्यंत आम्हांला पोचवायला तिचा नवरा महिपती आला होता. भात आणि वाल करणारा शेतकरी, बोलायला कमी. पण त्या दिवशी त्यानंच काढलं.

"तुमी नदीचा बोललात ना, त्या पायी ती गिरजा उभी राहिली. आमचा जनू अंबेनंच नेलान."

मग सगळं सांगितलं. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढ वद्य द्वितीया, लावणीचे दिवस. एकोणीस वर्षांचा जनू पलीकडच्या मळ्यातून भाताच्या रोपांच्या जुड्या डोक्यावर घेऊन येत होता. वर डोंगरात पाऊस झाला असणार. पाणी आलं ते एका दमात आलं. जुड्या खाली करंजाच्या झाडात अडकलेल्या सापडल्या. जनू सापडला नाही. नागोठण्याच्या जुन्या पुलापर्यंत काठ धुंडाळला, त्याच्याही खाली गेले. नाही.

"अंग गावला नाय तर बारा वर्सं थांबायचा, मंग दर्भाचा पुतळा करून त्येला अग्नी द्यायचा, अशी रीत हाय. या आषाढात बारा भरतात. भटजी बोलून ठेवलेत. पन ही ऐकत नाय. म्हणते, माझा पोर गवताचा नवता. आधी दाखवा कुठं हाय, मंग काय जाळायचा ता जाळा."

"बारा वर्षं ती..." मास्तरांनी विचारलं.

"बसली नाय," महिपती म्हणाला. "जेवते ती पन उकिडवी. हाक आली तर उठायला बरा म्हणून."

एसटी आली. मास्तर खिडकीशी बसले. नारळ त्या दिवशी फोडला नाही.

वैशाख लागला. हायस्कुलात वार्षिक परीक्षेचे पेपर तपासणं चाललं होतं. मी मास्तरांचं टपाल द्यायला गेलो होतो, तर वर्गाच्या दारात गिरजाबाई. पायांवर धूळ, हातात भाकरीचं रिकामं फडकं. मास्तरांनी खुर्ची दिली. ती दाराच्या चौकटीला धरून उभीच राहिली.

"जाऊन आले," म्हणाली.

"कुठं?"

"तुमी सांगितलात तिथं. धरमतरच्या पुढं."

ती एसटीनं वडखळला उतरली होती. तिची लेक सरू खारेपाटात दिलेली, त्यांच्यातल्याच घरात, खाडीला लागून शेती असलेल्या. आई लेकीकडं गेली, पण लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही हा जुन्या माणसांचा नेम, म्हणून भाकरी बांधून नेलेली. सरूला बरोबर घेऊन धरमतरला गेली, तिथून लाँचनं खाडीच्या तोंडाशी.

"लाँचवाला म्हणला, बाय, मुंबैला जायचाय का? मी म्हणले, नाय, जिथं अंबा जमीन ठेवते तिथं उतरव. त्यो हसला. रेवसला उतरवलान. धक्क्यावर एक कोळीण होती, काशीबाई. तिला इचारला. ती म्हणली, आमची व्हती ती जमीनच दर्या खातंय गो, नवी कुठली आली? पन भली बाय. माझ्यासंगं काठानं चालली. मी तीन दिस हिंडले, मास्तर. नुसता पानी हाय. भरती आली की पानी, ओहोटी लागली की चिखल, आनी परत पानी."

मास्तरांच्या हातात लाल पेन्सिल तशीच होती.

"तुमी नारदाच्या गादीवरून बोललात," ती म्हणाली, "म्हंजी खोटा नसंल. मंग मीच चुकीच्या जागी गेले काय? ता तेवढा सांगा. परत जाते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मास्तरांनी समोरची उत्तरपत्रिका पालथी केली. नंतर मी ती पाहिली. नववीचा प्रश्न होता: कारणे द्या, पश्चिमवाहिनी नद्या त्रिभुज प्रदेश तयार करत नाहीत. खाली एका मुलीनं नीट लिहिलं होतं. या नद्या लांबीने कमी, उताराने तीव्र. त्यांच्या मुखाशी खाड्या असतात, भरती-ओहोटी गाळ साठू देत नाही. मास्तरांनी तिला पुरे गुण दिले होते. वीस वर्षं हेच शिकवत आले होते. आणि त्या पहाटे, नदी चमकली म्हणून, टाळी हाताशी आली म्हणून, तोंडातून निघून गेलं: आपली अंबासुद्धा.

"गिरजाबाई," ते म्हणाले, "मला थोडे दिवस द्या."

"आषाढापातूर हायेत," ती म्हणाली आणि निघाली. धाटावच्या कारखान्यांची दुपारच्या शिफ्टची बस सुटत होती, तिच्या धुरातून ती चालत गेली. मी म्हटलं, गाडी मिळेल, थांबा. ती थांबली नाही.

त्या दिवसापासून मास्तरांचा सूर हलला. अक्षय्य तृतीयेच्या कीर्तनात दृष्टान्ताच्या जागी आले आणि गप्प झाले. मी दोनदा सूर फिरवला, तरी गप्प. मग नामाचा गजर सुरू करून वेळ मारून नेली. संध्याकाळी रोह्याच्या कुंडलिका नदीच्या काठावर जाऊन उभे राहायचे. पाण्यात मूठभर माती टाकायची आणि ती किती लांब जाऊन दिसेनाशी होते ते पाहायचं. पुन्हा मूठभर. धोतराचा सोगा भिजला तरी कळायचं नाही.

मी एकदा म्हणालो, "मास्तर, दृष्टान्त होता तो. दृष्टान्ताला कुणी नकाशा मागत नाही."

"दत्तू, एक होता राजा, नाव नाही सांगितलं, तर तो दृष्टान्त," ते म्हणाले. "मी नदीचं नाव घेऊन सांगितलं. मग तो पत्ता झाला. पोस्टात काम करतोस ना? चुकीच्या पत्त्यावर माणूस पाठवला मी."



त्यांचा एक जुना विद्यार्थी होता, शरद. रोह्याचाच. समुद्राचा तळ मोजणाऱ्या सरकारी जहाजावर भूशास्त्राचं काम करायचा. मास्तरांनी त्याला पत्र लिहिलं. मीच शिक्का मारला. जहाज समुद्रात, त्यामुळं उत्तराचा ठिकाणा नाही. रोज सकाळी थैली उघडली की मास्तर खिडकीशी हजर. "आलं?" "नाही, मास्तर." मग घरी न जाता बाकावर बसायचे, जणू दुसरी थैली लगेच येणार आहे.

ज्येष्ठ लागला आणि महिपती रोह्याला आला. "मास्तर, ती आठ दिवसांत दोनदा खाडीवर जाऊन आली. आवंदा पाऊस लौकर लागला तर? पोर एकदा वाहून गेला, आता बाय चाललीया. तुमच्या एका बोलण्यापायी. रागावू नका."

"रागावण्याचा हक्क तुमचा आहे," मास्तर म्हणाले.

चौथ्या दिवशी पार्सल आलं. दोन पानांचं पत्र आणि कापसात गुंडाळलेली औषधाची बाटली. मास्तरांनी तिथंच बाकावर उघडून मला वाचायला लावलं. म्हणाले, माझा चष्मा आज नीट बसत नाही.

शरदनं लिहिलं होतं:

"सर, हा प्रश्न परीक्षेत आला असता तर मी दोन उत्तरं लिहिली असती. आज आपल्या किनाऱ्याला त्रिभुज प्रदेश नाही, हे खरं. पण वीसेक हजार वर्षांपूर्वी जगातलं पुष्कळ पाणी बर्फ होऊन अडकलेलं होतं आणि समुद्र शंभराहून जास्त मीटर खाली उतरलेला होता. तुम्ही फळ्यावर फिकट निळ्या खडूनं रंगवायचात ती समुद्रबूड जमीन तेव्हा उघडी होती. नद्या तिच्यावरून चालत चालत तिच्या काठापर्यंत जायच्या, जिथून पुढं तळ एकदम खोल उतरतो. तिथं त्या ओझं उतरवायच्या. पाण्याचा वेग मेला की आधी जाड वाळू बसते, मग बारीक, मग चिखल. एक तोंड बुजलं की नदी शेजारी दुसरं फोडते, तेही बुजतं, तिसरं फोडते. म्हणून ती जमीन पंख्यासारखी पसरत जाते आणि काठ पुढं पुढं सरकतो. मग बर्फ वितळला, समुद्र चढला, सगळं बुडालं. आम्ही तळात नळी घालून माती वर काढतो, तेव्हा किनाऱ्यापासून फार लांब, नदीचा मागमूस नाही अशा जागी नदीची वाळू लागते. थोडी पाठवतो आहे. यात तुमच्या अंबेचा कण आहे का, ते मला सांगता येणार नाही. पण तीही तेव्हा त्याच बाजूला गेली असणार."

मास्तरांनी बाटली उजेडात धरली. करडी वाळू, मीठ खाल्लेली. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, सुटले. म्हणाले, "दत्तू, म्हणजे मी खोटं बोललो नाही. आहे जागा. समुद्राच्या पोटात आहे."

त्यांच्या डोळ्यांपुढं आख्यान उभं राहिलं होतं, मला दिसत होतं. दर्याच्या तळाशी नदीनं अंथरलेली जमीन, आणि तिथं... काय टाळी पडली असती.

मग त्यांनीच विचारलं, "दुसऱ्या पानावर काय आहे?"

दुसरं पान साधं होतं. "आजची नदी मात्र तिथवर पोचत नाही, सर. आता समुद्र वर आला आहे, नदीचं मुख आत ढकललं गेलं आहे, तीच आपली खाडी. गोडं पाणी खाऱ्याला भेटलं की गाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. थोडा पुढं गेलाच तर भरती त्याला परत आत आणते. आज अंबा जे वाहून आणते त्यातलं बरंचसं दूर जात नसणार. खाडीतच राहतं, खाडीच्या काठच्या शेतांत."

 मास्तर बाटलीचं बूच लावत होते, काढत होते.

"पहिलं पान सांगितलं तर गोड होईल," शेवटी म्हणाले. "पण ती जमीन वीस हजार वर्षांची आणि तिचा मुलगा बारा वर्षांमागचा. तिथं नाही तो." आणि उठले. "त्याच देवळात, त्याच गादीवर. पाऊस लागायच्या आत."

गावचे जुने पंच हैबतराव कीर्तन ठरवायला बसले, तेव्हा त्यांनी विडा लावता लावता ऐकवलं, "बुवा, तुमी चूक कबूल करनार गादीवरून? उद्या मारुतीनं डोंगर उचलला ता तरी खरा का, असा पोरा इचारतील."

"विचारू देत," मास्तर म्हणाले. "त्याचं उत्तर मारुती देईल. माझ्या चुकीचं मी देतो."

"बरा बाबा. पन नारळ एकच मिळंल."

कीर्तन दुपारचं झालं. आभाळ भरून आलेलं, उकाडा असा की पेटीच्या पट्ट्या बोटांना चिकटत होत्या. बायकांत गिरजाबाई अगदी कडेला, उकिडवी. मास्तरांनी नमन केलं आणि पूर्वरंगाची वाट न बघता सरळ हात जोडले.

"माझ्या मायबापहो, चैत्रात मी इथून बोललो की अंबा समुद्राशी नवी जमीन ठेवते. ते चूक होतं. मला शाळेत ठाऊक असतं ते मी देवळात विसरलो. टाळीसाठी विसरलो."

चूळबूळ झाली. हैबतरावांनी पानाची पिंक टाकायला उठल्यासारखं केलं आणि परत बसले. मग मास्तरांनी दोन्ही पानं सांगितली, पहिलंही आणि दुसरंही. बाटली हातोहात फिरवली. बायांनी वाळू पाहिली, एका म्हातारीनं तर बाटलीला नमस्कार केला. आणि दुसरं पान सांगताना मास्तरांचा आवाज गाण्याचा राहिला नाही, वर्गातला झाला. गोडं पाणी, खारं पाणी, जड होणं, बसणं.

तेव्हा ती उठली.

"मास्तर, म्हंजी त्यो लांब गेला नाय?"

टाळ थांबले. महिपती मागून म्हणाला, "गो, खाली बस." ती बसली नाही.

"गाळ लांब जात नाही," मास्तर म्हणाले.

"खाडीच्या काठच्या शेतांत ऱ्हातो म्हनलात. सरूच्या शेतात?"

सगळे मास्तरांकडं पाहत होते. हो म्हणायला एक अक्षर पुरे होतं. माझी बोटं पट्टीवर होती. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी सूर दिला असता.

"मी ते शेत पाहिलेलं नाही," मास्तर म्हणाले. "न पाहता एकदा बोललो. आता पाहिल्याशिवाय बोलत नाही. उद्या जाऊ."

आरती झाली, पण नेहमीची गोडी तिला आली नाही, कारण अर्धा गाव कुजबुजत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर, मी, महिपती आणि गिरजाबाई वडखळला उतरलो. खारेपाट म्हणजे सपाट. डोंगराकडून येणाऱ्या माणसाला तिथं नजर टेकवायला काही मिळत नाही. खाडीचं पाणी अडवायला मातीचे लांब बांध घातलेले, बांधाच्या आत भातशेती. बांध एकट्याचा नसतो. फुटला की ज्याच्या घरी हात आहेत त्यानं टोपली घेऊन यायचं, मग तो वैरी का असेना. सरूचे सासरे काळुराम आयुष्यभर ते बांध राखत आलेले. आमची गोष्ट ऐकून घेतली आणि कुदळ खांद्यावर टाकली.

"थर बघायचाय ना? चला. आमी रोज तुडवतो, कुनी इचारला नाय आजपातूर."

शेतात एका कोपऱ्यात, बांधाच्या पायाशी, त्यांनी खणायला घेतलं. वरची माती करडी, भेगाळलेली. एक वीत खाली काळीनिळी, ओली, खाडीचा वास असलेली. काळुराम कुदळीच्या टोकानं दाखवत होते. "ही भरतीची, बांध फुटला की आत येते ती. बारीक, लोन्यासारखी." आणखी चार बोटं खाली गेले आणि कुदळ थांबली.

काळ्या चिखलात एक तांबडी पट्टी होती. तीन बोटं जाड. नीट आखल्यासारखी, खड्ड्याच्या चारी बाजूंना.

"ही मातुर खाडीची नाय," काळुराम म्हणाले. "ही डोंगराची. एका सालची हाय. त्या साली अंबेला पूर आनी खाडीला उधान एका दिवशी आला, आषाढात, पुनवेच्या मागं दोन दिस. बांधाला भगदाड पडला, खांड गेली. चार दिस पानी शेतात. उतरला तवा सगला शेत तांबडा. रोपा गाडली. सरू तवा नवी नवरी, दारात उभी ऱ्हाऊन रडत व्हती, का, तर भावाचा सांगावा आला व्हता."

सरू मागं उभी होती. तिनं मान हलवली. "त्याच दिसाचा पूर, आई."

  मला वाटलं आता मास्तर बोलतील, एवढी जागा मोकळी होती. ते फक्त खाली वाकले आणि उपरणं सावरून बाजूला झाले, तिला वाट करून दिली.

गिरजाबाई खड्ड्यात उतरली. तांबड्या पट्टीत बोटं घातली, ढेकूळ काढलं, दोन बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं. मग जिभेवर ठेवलं.

"आमच्या वरकसाची, उतारावरची माती हाय," म्हणाली. "नाचनीच्या वावरातली. त्यात असा बारका खडा ऱ्हातो." तिनं नवऱ्यापुढं हात केला. महिपतीनं पाहिलं. त्यानं तो खडा ओळखला आणि मुठीत धरला.

आणि ती बसली. खड्ड्यातच, मांडी घालून, पाठ मातीला टेकवून. बारा वर्षांनी.

बऱ्याच वेळानं वर पाहून म्हणाली, "सरू, पेज हाय का गो घरात?"

सरू बघतच राहिली. "आई, तू... हिथली?"

"हिथलीच दे. ह्या शेतातल्या तांदळाची. माझ्या पोरानं पिकवलेला हाय त्यो, त्यात लेकीचा काय नि लेकाचा काय."

काळुराम तोंड फिरवून बांधाकडं गेले. पेज आली. तिनं पोटभर खाल्ली, वर मिठाचा खडा मागून घेतला. महिपतीनंही खाल्ली. मास्तरांना आणि मला वाटी आली तेव्हा मास्तर म्हणाले, "दत्तू, प्रसाद आहे," आणि एवढंच.

आषाढ वद्य द्वितीयेला विधी झाला. पुतळा दर्भाचाच, रीतीप्रमाणं. पण त्याच्या छातीच्या जागी तांबड्या मातीचा एक गोळा होता, गिरजाबाईनं स्वतः वळून दिलेला. भटजींनी जरा का-कू केली. महिपती म्हणाला, "गवताचा पोर नवता, भटजी. असू दे." पावसाची उघडीप होती, अग्नी लागला. दर्भ भुर्रकन जळून गेला. गोळा राहिला. भाजून विटेसारखा झालेला, हातात घेतला तर ऊब लागावी असा.

परत अंगणात आल्यावर भटजी म्हणाले, अस्थी म्हणून हाच नदीत सोडायचा.

"नाय," गिरजाबाई घरातून बाहेर येऊन म्हणाली. "नदीला एकदा दिला. परत परत नाय देनार."

तो गोळा तिनं वडखळला नेला. सरूच्या शेताच्या बांधात, जिथं त्या साली खांड गेली होती, तिथं काळुरामनी हातभर खणून दिलं. तिनं गोळा आत ठेवला, वर चिखल थापला, पायानं दाबला, आणि शेजारच्या बायांसारखी टोपली घेऊन आणखी दोन खेपा माती टाकली. दरवर्षी लावणीआधी ती त्या बांधावर यायची. कामाला. बसायलासुद्धा.

मास्तरांनी पुढं सतरा वर्षं कीर्तन केलं. नदीचा दृष्टान्त पुष्कळदा दिला, पण नदीचं नाव घेतलं की आधी म्हणायचे, हे मी पाहिलेलं आहे, किंवा हे मी पाहिलेलं नाही. लोक हसायचे. ती बाटली त्यांच्या टाळांच्या पिशवीत असायची. आता माझ्याकडं आहे; बघायची तर नंतर या.

तुम्ही वडखळवरून अलिबागला जाता तेव्हा डाव्या-उजव्या हाताला ते बांध दिसतात. गाडी थांबवू नका, फक्त आतल्या आत एकदा नाव घ्या. डोक्यावर भाताच्या जुड्या घेऊन नदीत उतरलेला, महिपती-गिरजाबाईचा जनू. त्याची आठवण ठेवा. लांब गेलेला नाही तो.